उन्हाळ्यातलं पाणी

“उन्हाळ्यात याला पाणी दाखवू नका गं. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?” बाबा जाऊन वर्षं झाली, तरी नेरेइदाच्या कानात ते शब्द होते. शेळ्यांचं तोंड पोचत नाही अशा कड्यावरून त्यांनी ते लाल फुलांचं झुडूप आणून दारात लावलं होतं. ग्वादालुपे बेटावरचं शेंबडं पोरही भर उन्हाळ्यात त्याला पाणी घालत नाही.

आणि आई रोज बादलीभर ओतत होती. मुळं कुजली, पानं पिवळी पडली.

“आई, काल सांगितलं ना तुला?”

“काल? काल तू होतीस कुठे?” आई कोऱ्या चेहऱ्यानं विचारायची.

अशा विसरभोळ्या बाईला एकटीला टाकून समुद्रापलीकडच्या एन्सेनाडा शहरातल्या नोकरीवर जायचं कसं? नेरेइदानं बांधलेली बॅग सोडली, कपडे पुन्हा खुंटीला टांगले. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, तरी ती खाली मान घालून भांडी घासत राहिली.

आईनं येऊन तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

“पळ, बोट अजून लागलेली आहे,” ती म्हणाली. “मला सगळं आठवतं गं. तू जाऊ नयेस म्हणून मारलं मी ते झाड.”