आभार मानलेली फांदी

"आभार मानलेस?" आल्फहिल्डने किटली खाली ठेवली. "तिच्या तोंडावर?"

व्हर्नर जिरेनियमची फांदी ओल्या कागदात धरून दारात उभा होता. शेजारच्या सिगब्रिटने ती कुंपणावरून दिली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. फुलझाडाची फांदी घेताना कोणी आभार मानत नाही. मानले, की ती मूळ धरत नाही. गावातल्या लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

"इस्पितळातून तपासून आल्यापासून तुझं लक्ष कुठं असतं, म्हाताऱ्या? टाक ती."

"का टाकू? जगेल."

"ही? पहिल्या बर्फालाच मान टाकेल."

"मे महिन्यात पायरीवर फुललेली दाखवतो."

"दाखव. नाहीतर उन्हाळाभर भांडी तू घासायची."

होणार नाही म्हटलं की व्हर्नर हट्टाला पेटतो, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. तरी ती म्हणायचीच.

त्याने फांदी कुंडीत लावली आणि कुंडी तळघरातल्या छोट्या खिडकीशी ठेवली. तिथे गारवा होता, पण काही गोठत नसे. पाणी नावापुरतं घालायचं, पिवळं पान दिसलं की खुडायचं. सिल्यान तळं गोठलं, तरी तो रोज सकाळी कठडा धरून, मध्ये एकदा थांबून, खाली उतरायचा. पालथ्या बादलीवर बसून कुंडीकडे बघायचा.

"मेली का रे?" वरून हाक यायची.

"जिवंत आहे."

"उद्या बघू."

जानेवारीत तो काही दिवस अंथरुणाला खिळला. "तिला हात लावू नकोस," त्याने बजावलं.

"मला काय पडलंय," आल्फहिल्ड म्हणाली आणि त्याच्यापुढे खिमटाची वाटी ठेवली. "खा. नाहीतर तिच्याआधी तूच वाळशील."

तो पुन्हा खाली गेला तेव्हा झाडाला नवी पानं होती. जरा ठेंगणं वाटलं. आजारपणानंतर सगळंच लहान दिसतं, असं त्याने मनाशी म्हटलं.

मार्चमध्ये कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. "हे ऊन तिला सोसायचं नाही," आल्फहिल्ड म्हणाली. सोसलं.

मे महिन्यात पायरीवर लाल गुच्छ फुलला. व्हर्नर गुडघ्यांवर घोंगडी घेऊन शेजारी बसला.

"सिगब्रिट, मी आभार मानले होते, आठवतंय ना?" तो कुंपणाकडे बघून ओरडला.

"तुझी बायको विसरू देईल तर ना."

तो खूप हसला, आणि हसता हसताच त्याचा डोळा लागला. आल्फहिल्ड कुंपणापाशी गेली.

"कळलं नाही ना त्याला?" सिगब्रिटने हळूच विचारलं.

"नाही. पहिली तर बर्फाआधीच सडली. ही तू दिलेली चौथी."

"मग आता सांगून टाक की. जिंकलाय तो."

"छे," आल्फहिल्ड म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी फांद्या लावून ठेव. डॉक्टर मला म्हणाले होते, तो गेला नाताळसुद्धा काढणार नाही."