पडद्यावरची कण्हेर

रोपवाटिकेवाल्यानं मला बजावलं होतं, "काका, कण्हेरीला काही म्हणता काही लागत नाही. बहर संपला की एकदा छाटा आणि विसरून जा." पण निवृत्त माणसाचे हात शिवशिवतात. ऐन बहरात मी कात्री चालवली आणि झुडूप गुडघ्याएवढं करून टाकलं.

"कळ्यांसकट? धन्य आहे तुमची!" बायको म्हणाली.

दुपारी ऊन कललं की कण्हेरीची सावली झोपायच्या खोलीतल्या खिडकीच्या पडद्यावर पडायची. त्या दुपारीही पडली. पुरुषभर उंच, फुलांसकट.

मी पडदा सरकवला. बाहेर नुसते खुंट होते. पडदा पुन्हा ओढला, तर फुलं डुलत होती.

बायकोला हे सांगितलं नाही. उगाच तिची झोप कशाला उडवा? माझी मात्र उडाली. रोज दुपारी मी स्वयंपाकघरात बसायचो आणि पाच-पाच मिनिटांनी खोलीत डोकावून यायचो.

आज चहा गाळत होतो, तेवढ्यात बाहेरून कात्रीचा आवाज आला. कच, कच. माझी कात्री तर समोरच खिळ्याला लटकत होती.

कप हातात घेऊनच मी खोलीच्या दारात आलो. बायको माझ्याकडे पाठ करून पलंगावर बसली होती. पडद्यावर, त्या उंच कण्हेरीशेजारी, एक माणूस वाकून फांद्या छाटत होता.

"अहो, पुरे आता," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "आत या बरं."

त्यानं कात्री खाली ठेवली आणि तो दाराकडे वळला. इतक्या चटकन मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.