बारशाआधीचं बाळ

"ताई, या ऊब देणाऱ्या पाळण्याच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीच्या फाइलमध्ये, नावाचा अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे नावाचा रकाना, रिकामा सोडू नका हं. ठकी म्हणा, छकुली म्हणा, पण भरा," असं सिस्टरने दवाखान्यातून निघताना बजावलं होतं. ऋजुताने ते हसण्यावारी नेलं. सासरी सुतक असल्याने बारसं लांबलं होतं, आणि बारशाआधी नाव ठेवतात का कुठे?

आज दुपारी पाळणा चालवणाऱ्या स्क्रिप्टने फाइलमधल्या लेकीच्या एलिमेंटमधलं, म्हणजे तिच्या नोंदीतलं, नाव वाचायला घेतलं. हाती काहीच लागलं नाही, तेव्हा पाळण्यात कोणीच नाही असं धरून स्क्रिप्टने ऊब बंद केली. ऋजुता आत आली तेव्हा पडद्यावर 'पाळणा रिकामा, सर्व ठीक' असं झळकत होतं, आणि आत लेक निळसर पडून कण्हत होती.

"निरंजन, दुलई आण, पळ!" ती नवऱ्यावर ओरडली आणि लेकीला उराशी कवटाळून बसली. बऱ्याच वेळाने पोरीने दूध ओढलं.

मग ऋजुताला दवाखान्यातली शेजारच्या खाटेवरची मंजुळा आठवली. तिनेही तसलाच पाळणा घरी नेला होता आणि तिच्याही मुलाचं बारसं व्हायचं होतं. ऋजुताकडे तिचा पत्ता नव्हता. एका हाताने तिने दिसेल त्या ग्रुपवर लिहिलं, "मंजुळा तुमच्या शेजारी राहत असेल, तर आत्ता दार वाजवा. पडदा काहीही सांगो, पाळण्यात हात घालून बघा."