पाठीला पाठ

विशीत असताना मी गटोपचाराला जायचे. मागून कुणीतरी पाहतंय अशी भीती तिथे सगळ्यांनाच, म्हणून प्रत्येकाची खुर्ची भिंतीला चिकटलेली. मधलं मैदान मोकळं. डॉक्टरबाईंना ओरडूनच बोलावं लागे. एकदा मला उशीर झाला. भिंती भरल्या होत्या, मधोमध एकच खुर्ची उरली होती. पुन्हा इथे यायचं नाही, असं ठरवून मी दाराकडे वळले. तेवढ्यात आमचा ‘संशयात्मा’ आपली खुर्ची ओढत मधे आला. “तुला माझ्या घरच्यांनीच हेर म्हणून पाठवलंय,” तो म्हणाला. “पण पाठीला पाठ लावून बसलो, तर दोघांच्याही मागे तिसरं कुणी नसेल.” मी बसले. आमच्या लग्नानंतरही तो मला ‘हेर’च म्हणायचा. आता तो नाही. सून खुर्ची भिंतीला टेकवायला गेली की मी म्हणते, “राहू दे गं, मागे माझं माणूस आहे.”