डावा हात पाठीमागे

“हात बाहेर काढ!”

व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीनची मागची फळी काढून आत घातलेला तिचा हात बाबांनी मनगटाशी घट्ट धरला होता. ती दचकली. गेले आठ महिने बाबा तिला रोज सकाळी नव्यानं विचारत होते, “आपण कोण?”

ओळखीच्या वस्तू समोर ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. फोटो झाले, पत्रं झाली, लग्नातला कोट झाला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी उरलं हे मशीन. बाबांचं व्हिडिओ गेमचं दुकान बंद झालं तेव्हा एवढं एकच घरी आलं आणि मागच्या खोलीत पडून राहिलं. आत उंदरांनी संसार थाटला होता. आज सुट्टी घेऊन, तोंडाला मास्क बांधून ती साफ करायला बसली होती. बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. अगदी आत्तापर्यंत.

“प्लग काढलाय, बाबा.”

“प्लग काढला म्हणून झालं? पिक्चर ट्यूबमध्ये वीज दबा धरून बसते. दिवसचे दिवस. किती वेळा सांगायचं तुला?”

तुला. ‘आपण’ नाही. तिनं हात बाहेर घेतला.

मग बाबा सांगत गेले आणि ती करत गेली. स्क्रूड्रायव्हरला तार बांध, दुसरं टोक लोखंडी चौकटीला. डावा हात पाठीमागे घे. दोन्ही हात आत गेले तर झटका काळजातून जातो. आता ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक सरकव. टक् असा आवाज झाला. “गेली,” बाबा म्हणाले. उंदरांची घाण कोरडी झाडायची नाही, औषध फवारून ओल्या फडक्यानं उचलायची. सर्किटला पाणी नको, नुसता मऊ ब्रश. बटणांना स्पिरिटचा बोळा. पेटीवर बाहेरून रंगवलेलं चित्र पिळलेल्या फडक्यानं, हलकेच. घासलंस तर रंग हातात येईल.

एकही शब्द अडखळला नाही. मधेच ते मिशीतल्या मिशीत हसलेसुद्धा. स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारावी, ‘अगं ये, बाबा परत आलेत,’ असं तिला दहादा वाटलं. पण जरा आवाज झाला तर सगळं विस्कटेल, या भीतीनं ती मान खाली घालून पुसत राहिली.

दुपारपर्यंत मशीन लख्ख झालं. बाबांनी काचेवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांपाशी नेऊन तपासलं, मान डोलावली. मग तिच्याकडे वळले.

“हात चांगला आहे हो तुमचा,” ते म्हणाले. “कुणी शिकवलं हे?”

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“माझ्या बाबांनी.”

“उत्तम कारागीर असणार.” ते जरा घुटमळले. मग समोरच्याला दुखवू नये अशा हळू आवाजात त्यांनी विचारलं, “आहेत का अजून?”