त्या शिबिराची हजेरी

कशेळीला काळूराम हवालदारांकडे जायचं ठरलं तेव्हा मृणाली म्हणाली, "मीपण येते."

एका सहीसाठी दोघांनी कशाला, असं हितेशच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो गाडीची चावी घेऊन बाहेर पडला. जानकीबाई ओटीवर मेथी निवडत बसल्या होत्या. कुठे निघालो ते सुनेने सांगितलं नाही आणि सासूनेही विचारलं नाही. पूर्णा गावातल्या त्या घरात दोघींचं बोलणं कामापुरतंच असे, आणि घरातल्यांना त्याची सवय झाली होती.

हितेश एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर होता आणि प्रादेशिक सेनेत जवान. वर्षभर नोकरी, आणि वर्षातून एकदा गणवेश चढवून प्रशिक्षणाचं शिबिर. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर आता त्याला पदक मिळायचं होतं. पण पलटणीतून कळलं, एका वर्षीचं शिबिर त्याच्या नोंदीत नाहीच. त्या वर्षी आपल्याला दुसऱ्या कंपनीला जोडलं होतं आणि तिकडची हजेरी इकडे आलीच नाही, असं हितेशचं म्हणणं. सोबत असलेल्या कुणाचा तरी दाखला आणा, नोंद दुरुस्त करू, असं पलटणीने सांगितलं. त्या कंपनीचे काळूराम हवालदार निवृत्त होऊन कशेळीला राहत होते.

हितेशला हे सगळं सोपं वाटत होतं. मृणालीला ते तसं वाटत नव्हतं.

ते वर्ष ती विसरणं शक्यच नव्हतं. ऐन शिबिराच्या दिवसांत ती डेंग्यूने दवाखान्यात पडली होती. ताप डोक्यात गेला होता. डोळे उघडत नव्हते, कोण काय बोलतंय कळत नव्हतं. पण उशाशी सारखं कुणीतरी होतं. ते कपाळावरची पट्टी बदलायचं, चमच्याने पाणी पाजायचं, आणि ती तापात बडबडायला लागली की तिचा हात धरून बसायचं. ती शुद्धीवर आली तेव्हा समोर गणवेशातला हितेश उभा होता. "आता बरंय ना?" एवढंच म्हणाला होता.

तिने कधी काही विचारलं नाही. शिबिर टाकून आला, पुढे काय होईल त्याची पर्वा केली नाही, हे तिने मनात जपून ठेवलं. पुढे नवऱ्याचा कितीही राग आला तरी तो तिथपर्यंत येऊन विरायचा. त्याच दिवसांत सासू तिच्याशी भांडून लेकीकडे राहायला गेली होती आणि सून मरणाच्या दारात असताना फिरकलीही नव्हती. तेही तिने तसंच जपून ठेवलं होतं.

आणि आता हितेश म्हणत होता, की त्या वर्षी तो सगळे दिवस शिबिरातच होता.

म्हणजे नोंद बरोबर होती आणि नवरा खोटं बोलत होता. एका म्हाताऱ्या माणसाची खोट्यावर सही घ्यायला निघाला होता. उघडकीला आलं तर पदक राहिलं बाजूला, पलटणीतून नाव जाईल. आणि हे सगळं कुणापायी? तर तिच्या उशाशी बसला म्हणून.

कशेळीच्या पुलाआधी कंटेनरांची रांग लागली होती. गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "शिबिर नक्की त्याच वर्षीचं ना?"

"मग कुठलं?" हितेश म्हणाला आणि उगाच हॉर्न दाबला.

काळूराम हवालदारांनी दोघांना खुर्च्या दिल्या, आत चहा सांगितला. हितेशला त्यांनी लगेच ओळखलं. त्या वर्षी वाऱ्याने लंगरचा, म्हणजे जेवणाचा तंबू उडाला होता, ते हसून सांगितलं. फायरिंगच्या दिवशी हितेशचा खांदा कसा सुजला, तेही सांगितलं. मृणाली त्यांच्याकडे बघत राहिली. जुन्या पोराला मदत करायची म्हणून हा माणूस होला हो तर करत नाही ना, असं तिच्या मनात येत होतं. पण ते बनवून सांगत असतील असं वाटेना.

चहा आला. हवालदारांनी चष्मा लावला, दाखला वाचला आणि पेन उघडलं.

"काका," मृणाली म्हणाली, "सही करायच्या आधी एक विचारते. मी दवाखान्यात होते तेव्हा हे मधेच घरी आले होते ना?"

हितेशचा कप ओठांपाशी थांबला.

हवालदारांनी चष्मा काढला. ते तिच्याकडे नाही, हितेशकडे बघत होते. "हिला अजून सांगितलं न्हाईस तू?"

हितेशने मान खाली घातली.

"न्हाय पोरी," हवालदार म्हणाले, "ह्यानं एक दिवस कॅम्प सोडला न्हाय. शेवटची परेड झाली, तसाच वर्दीवर तुझ्याकडं आला."

इतकी वर्षं जी गोष्ट धरून मृणाली त्या घरात राहिली होती, ती घडलीच नव्हती. मग उशाशी कोण होतं? नणंदेला बोलावलं नव्हतं. माहेरचं कुणी पोचलं नव्हतं. ती एकेक चेहरा आठवून बघू लागली, आणि कुठलाच तिथे बसेना.

"छुट्टी मीच मंजूर करून आणली होती," हवालदार सांगत होते. "हा बॅग घेऊन गेटवर उभा. ह्याचा मोबाईल जमा होता, म्हणून ह्याच्या आईचा फोन माझ्याकडं आला."

"काय म्हणाल्या?" मृणालीने विचारलं.

"म्हणाल्या, पोराला पाठवू नका, मी हाय सुनेपाशी. आणि शुद्धीवर आली तरी तिला माझं नाव सांगू नको म्हणावं त्याला, न्हायतर ती माझ्या हातचं पाणी प्यायची न्हाय."