पियानोची पाळी

जॅझच्या वर्गात पप्पा हनुवटीने खूण करायचे. ज्याला खूण झाली, त्याने कागदाकडे न बघता मनाला येईल ते वाजवायचं. त्या शनिवारीही शेवटची खूण पियानोवर साथ करणाऱ्या लेकीला, रूथला झाली. तिने नेहमीसारखी मान हलवली.

“लिहून द्या ना, पप्पा. असं आपल्या मनाने मला नाही जमत. सगळ्यांसमोर चुकेन.”

“लिहून दिलं तर ते माझं होईल, बाळा,” म्हणत त्यांनी सॅक्सोफोन ओठांना लावला आणि तिची पाळीही स्वतःच वाजवली.

त्याच रात्री ते झोपेतच वारले.

मुलं पुन्हा जमली तेव्हा रूथच पियानोशी बसली. एकेकाने आपली पाळी वाजवली, शेवटी ट्रम्पेटवाल्या चिमुरड्या आर्वीने. मग जिथे पप्पांचा सॅक्सोफोन वाजायचा, तिथे सगळी वाद्यं थांबली. नुसते पाय ठेका देत राहिले. रूथला भरून आलं.

“सरांची पाळी मोकळी ठेवलीत होय रे?”

“सरांची कुठे, ताई? ती तुमचीच,” आर्वी म्हणाली. “सर म्हणायचे, रूथ तयार होईपर्यंत मी सांभाळतोय. दुसऱ्या कुणी घ्यायची नाही.”

मुलांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. आर्वीचा ट्रम्पेट थांबला आणि पाय तेवढे वाजत राहिले. रूथने समोरचा कागद उलटा ठेवला.

“चुकेन हं, पप्पा,” ती मोठ्याने म्हणाली. “पण वाजवते.”